आमच्या दाजींची रेसची गाडी

आख्ख्या मावळात आमच्या दाजींइतकं सावकाश वाहन हाकणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि आख्ख्या मावळात खरीखुरी रेसची गाडी होती ती एकट्या दाजींकडे. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातून तळेगावच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं मोपेडवरून ये-जा केली, ती जुन्या हायवेच्या डाव्या कडेला चाक चिकटवून, एका ठरावीक गतीने. मागून एसटीने हॉर्न दिला की ते मोपेडवरून उतरून बाजूला उभे राहत आणि एसटी पार दिसेनाशी झाल्यावर पुन्हा बसत. कामशेतच्या चढावर एकदा एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं. थोडं पुढे जाऊन तो थांबला आणि काळजीने म्हणाला, "आबा, पंक्चर हाय का? ढकलू लागू का?" दाजींना यात अपमान वाटला नाही. त्यांचं तत्त्व पक्कं होतं. "रस्ता जायासाठी आस्तो मास्तर, पळायासाठी न्हाई. पळायची जागा येगळी आस्ती." मी तळेगावात शाळेवर आहे, म्हणून मी त्यांचा मास्तर. हे तत्त्व त्यांच्या घरातूनच आलेलं असावं. त्यांचे वडील बैलगाडा पळवायचे, आणि शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, जो बैल वाऱ्यासारखा सुटतो त्याला घाटाबाहेर लेकरागत चालवायचं असतं, हे अशा घरातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

कारखान्यात दाजी फिटर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तळहातावर मावेल एवढ्या एका दातेरी चाकावर हात फिरवला. ते चाक कुठल्या गाडीत जातं, तिथे काय करतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पूर्ण गाडी त्यांनी पाहिली ती कँटीनमधल्या कॅलेंडरवर. मला वाटतं सगळं तिथेच कुठेतरी सुरू झालं. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर ते लोणावळ्यातल्या बंगल्यांची फाटकं, पंप, कुलपं दुरुस्त करत फिरायचे. अशाच एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. परदेशातल्या कारखान्यात रेससाठीच बांधलेली, जमिनीपासून चार बोटं वर, चार उघडी चाकं आणि मधोमध एक माणूस आडवा होईल एवढी खोबण. बंगल्याच्या मालकाने ती हौसेने आणली, दोन वर्षं पळवली आणि मग पाठ धरल्यामुळे सोडून दिली. माणूस प्रामाणिक होता. दाजी गाडीभोवती तिसऱ्यांदा फिरले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्हाला ही मी ट्रॅक्टरच्या भावात देईन. पण विकत घेणं हा खर्चच नाही. खर्च त्याच्या पुढे सुरू होतो." श्रीमंत माणसांना खर्च वाढवून सांगायची सवय असते असं समजून दाजींनी हे कानाआड केलं. निवृत्तीचे पैसे होते, वर गावाबाहेरचा खडकाळ माळ एका बंगलेवाल्याने मागितला होता. पंधरा दिवसांनी गाडी औंढ्याला गोठ्यात आली.

गाव लोटलं. गोठ्यात गाय नव्हती तरी दावण होती, आणि तिच्याशेजारी ही लालभडक वस्तू. दाजींच्या वडलांच्या वेळचे एक म्हातारे काठी टेकत आले, त्यांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी मागच्या चाकावर थाप मारली आणि विचारलं, "जनावर ब्येस हाय. पन बारी कवा?" घाटात बैल सोडण्याची जी पाळी, तिला बारी म्हणतात. दाजी म्हणाले, "हुईल, हुईल. आदी खायाप्यायाचं बगू." ताईने, म्हणजे माझ्या या मावसबहिणीने, नारळ फोडला. हळदकुंकू लावायला गाडीला कपाळ म्हणावं अशी जागा सापडेना, तेव्हा तिने वाकून नाकाच्या शेंड्यावर लावलं. मग पदर सावरत ती म्हणाली, "मी कुटं बसायचं?" दाजींनी गाडीकडे असं पाहिलं, जणू दुसरी जागा आत्ता होती आणि आत्ताच कुणी नेली. "ह्यात येकच मानूस बसतंय," ते म्हणाले.  ताईने नारळाच्या करवंट्या गोळा केल्या आणि ती घरात गेली.

मग खर्च सुरू झाला, आणि खर्चापेक्षा मोठं असं दाजींचं खर्चावरचं बोलणं सुरू झालं. तोवर हा माणूस दिवसाला वीस वाक्यं बोलत असे. आता त्यांना कुणीही चालायचं. दूधवाला, तलाठी, चुकलेला पर्यटक. "ही गाडी किलोमीटर मोजत न्हाई, तास मोजती," ते सांगत. "इंजनाला ठरलेलं तास. तेवढं भरलं की खोलायचं म्हंजी खोलायचं, मग ते आतून भले नवरीवानी आसू द्या." टायर एका दिवसाचे. सकाळी नवे, संध्याकाळी त्यांची चप्पल करायची. सीटच्या पट्ट्यांवर दुधाच्या पिशवीसारखी तारीख. तारीख गेली की न वापरलेल्या पट्ट्यासुद्धा फेकायच्या. पेट्रोलच्या टाकीत एक रबरी पिशवी, तिलाही तारीख. सुरू करायला बाहेरची बॅटरी आणायची, तेल आधी कोमट करायचं. आणि एवढं करून ही महामाया रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत जायचं तरी ट्रकवर बसून. इंद्रायणीकाठी एका नातेवाइकाच्या दहाव्याला आम्ही सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलो होतो. कावळा समोरच्या फांदीवर बसून होता, खाली येईना. दाजी शेजारच्या माणसाला गिअरबॉक्सचा खर्च समजावत होते. अर्ध्या तासाने तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमी जरा थांबा. मला वाटतं तो तुमचंच ऐकतोय." दाजी थांबले, आणि देवाशपथ सांगतो, कावळा उतरला.

पण त्यांना खरी लागली ती एका बोल्टची गोष्ट. गाडीचा एक बोल्ट आटे जाऊन निकामी झाला. तसा बोल्ट दाजींनी डोळे मिटून बनवला असता, आणि बनवलाही. चार दिवस घेऊन, ओळखीच्या एका वर्कशॉपच्या लेथवर, मापाच्या केसभरही इकडेतिकडे नाही. तो त्यांनी मला रुमालात गुंडाळून दाखवायला आणला होता. पण ट्रॅकवर गाडी तपासतात, आणि तिथे कारखान्याचाच भाग लागतो, कारखान्याच्या खुणेचा. तसा बोल्ट परदेशातून यायला सहा आठवडे लागले आणि त्याच्या किमतीत त्यांची मोपेड दोनदा आली असती. "मास्तर, ह्यो माजा त्येच्यापरीस चांगला हाय," ते म्हणाले. "मोजून बगा." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. गाडीला न्हाई ठावं." आणि तो रुमाल त्यांनी पुन्हा बंडीच्या खिशात ठेवला.

सीटचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. रेसच्या गाडीची सीट एकाच माणसाच्या अंगाच्या साच्यावर ओतलेली असते, आणि बंगल्याचा मालक होता काडीसारखा. नवी सीट ओतायला दक्षिणेतून माणूस यायला हवा, त्याचं विमान, त्याचं राहणं. दाजींनी विचार केला आणि ताईला सांगितलं, "सीट बदलायला पैसं लागत्यात. प्वाट बदलायला लागत न्हाईत." त्या दिवसापासून त्यांनी भाकरी अर्धी केली. रोज पहाटे लोहगडाच्या पायथ्यापर्यंत चालून यायला लागले. ताईच्या हातची मटकीची उसळ आणि तांदळाची भाकरी म्हणजे ज्यासाठी मी तळेगावाहून उठून जावं अशी गोष्ट. दाजी त्यातल्या चार मटक्या मोजून खात. पाच महिन्यांत ते त्या परक्या माणसाच्या आकारात चपखल बसू लागले. मला गोठ्यात नेऊन, आत आडवे होऊन दाखवलं त्यांनी. नुसती टोपी आणि मिशा वर दिसत होत्या.

त्याच सुमारास भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं, बाळंतपण निघालं आणि ताई पुण्याला तिच्याकडे गेली. जाताना मी स्टेशनवर सोडायला होतो. ती म्हणाली, "दोन मैन्यांनी येते." मग थोड्या वेळाने, रुळांकडे बघत, "खाणारं मानूसच नसलं तर चूल तरी कुनासाठी पेटवू रे." दोन महिन्यांचे सहा झाले. भाचीची नोकरी, बाळ लहान, सगळी कारणं खरी होती. भांडण असं झालंच नाही. रोज संध्याकाळी दाजी ओट्यावर बसून फोन करत. मी एकदा शेजारी होतो. फोन मोठ्याने लावायची त्यांना सवय.

"आज तेल बदाललं," दाजी म्हणाले.

"तिला दात आला," ताई म्हणाली.

"येक लिटर कमीच निगालं."

"खालचा."

"गळती कुटं दिसत न्हाई पन."

"ताप आल्ता थोडा. उतरला."

असं दहा मिनिटं चाललं. दोघांपैकी कुणी दुसऱ्याचं ऐकत होतं असं म्हणता येणार नाही, पण फोन ठेवायची घाईही कुणाला नव्हती. शेवटी दाजी म्हणाले, "बरं मंग." ताई म्हणाली, "जेवा." आणि फोन बंद झाल्यावर दाजींनी तो धोतराच्या सोग्याने पुसून कोनाड्यात उभा ठेवला.

बारी एकदाची ठरली. तमिळनाडूतल्या एका ट्रॅकवर दिवस मिळाला. मला सुट्टी काढून यायची गळ घातली. "कुनीतरी आपलं मानूस पायजे," एवढंच म्हणाले. गाडी ट्रकवर चढली, दाजी ड्रायव्हरशेजारी बसून तीन दिवस प्रवास करत गेले, मी रेल्वेने गेलो. तिथे सगळी तरुण मुलं, प्रत्येकामागे पाचसहा माणसांची फौज, छत्र्या, पंखे, थंडगार पाणी. आमच्याकडे दाजी, मी आणि ट्रकचा ड्रायव्हर, तो ट्रकखाली सावलीत झोपलेला. भाड्याने आलेल्या मेकॅनिकने तेल गरम केलं. दाजींनी अंगावर आगीपासून वाचवणारा जाड पोशाख चढवला, हेल्मेट घातलं, आणि त्या खोबणीत उतरताना माझ्या हाताला धरलं.  वीस मिनिटांची त्यांची पाळी, म्हणजे सात फेऱ्या. या वीस मिनिटांसाठी माळ गेला होता, निवृत्तीचे पैसे गेले होते, अकरा किलो वजन गेलं होतं.

गाडी गर्जत बाहेर पडली आणि माझा फोन वाजला. हेडमास्तर होते. परीक्षेच्या पेपरांचं पाकीट माझ्या कपाटात राहिलं होतं आणि किल्ली कुठे आहे ते कुणाला कळेना. आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी फाटकापर्यंत चालत गेलो. किल्ली सांगितली, ती तिथे सापडेना, मग दुसरी जागा सांगितली, मग शिपायाशी बोललो. फोन संपवून मी धावत आलो तेव्हा लाल गाडी आत येऊन उभी राहत होती. दाजी बराच वेळ बाहेर आले नाहीत. मेकॅनिक मला मोडक्या हिंदीत सांगत होता की काका सगळ्यांच्या मागे होते, पण सातही फेऱ्यांना ब्रेक एकाच जागी लावला, इतका साफ हात कमी बघायला मिळतो. दाजी बाहेर आले, हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि चेहरा असा होता की मी तसा त्यांचा कधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. "बगितलं का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं तर," मी म्हटलं. "ब्रेक कसा एकाच जागी लागत होता."

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

परत येताना मी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नाटकात एका टपरीवर इडली खात असताना ते सहज, चटणीकडे बघत म्हणाले, "मास्तर, खोटं बोलायची गरज नव्हती. सातबी फेऱ्यांला फाटकापासनं जाताना मी बगत हुतो. तुमची पाठ दिसत हुती."

 हेडमास्तर, किल्ली, पाकीट असं काहीतरी मी बोललो.

"राग न्हाई," ते म्हणाले. "फोन काय, येतोच. पन येवढा आटापिटा करून पळालो आन बगणारं कुनीच नव्हतं. तेवढंच."  मग माझ्या ताटलीकडे बोट करून म्हणाले, "खावा, गार व्हतंय." पुढचे दोन दिवस ते ड्रायव्हरशी पिकापाण्याचं बोलत राहिले. खर्चाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

त्या वीस मिनिटांनी इंजिनाचे तास भरले होते. आता खोलणं आलं, आणि खोलायचं तर विहिरीजवळचा तुकडा विकणं आलं, कारण विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. दाजी काही ठरवीनात. गोठ्यात जाऊन बसायचे, परत यायचे. शेवटी मी ताईला फोन केला. ट्रॅकवर काय झालं, माझं काय चुकलं, सगळं सांगून टाकलं. ती दुसऱ्या दिवशी नातीला कडेवर घेऊन आली. आल्या आल्या तिने चूल पेटवली. जेवणं झाल्यावर ती ओट्यावर बसून दाजींना म्हणाली, "हिरीजवळची जमीन इकायची आसंल तर इका. मी आडवी येनार न्हाई. पन पुढच्या बारीला मी येनार. मला बगायची हाय पळताना."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. "तीन दिसांचा परवास हाय. तुला गाडी लागती."

"लागू द्या. लिंबू घेते."

दाजी उठून गोठ्यात गेले. तीन दिवस ते जेवायला तेवढे बाहेर येत. चौथ्या दिवशी त्यांनी दक्षिणेतल्या एका रेसचं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला फोन करून गाडी आहे तशी, सुट्या भागांच्या भावात विकून टाकली. मी विचारलं, का. ताई तर तयार होती. "व्हय, तयार झाली ना," दाजी म्हणाले. "येते म्हनली. मला वाटलं, बास झालं." गाडी न्यायला ट्रक आला त्या दिवशी ताई त्यांच्याशेजारी उभी होती. ट्रक वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, "रडायचं आसंल तर रडा. मी आत जाते." ती आत गेली. दाजी रडले नाहीत. त्यांनी गोठा झाडला.

चार दिवसांनी ताईला परत जावं लागलं. भाचीला बाळाला सोडून राहवेना. दाजी आठवडाभर पुण्याला राहून आले. भाचीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी आख्ख्या सोसायटीच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि बिजागऱ्या संपल्यावर औंढ्याला परत आले. आता ताई महिन्यातून एकदा येते, दोन दिवस राहते, डबे भरून ठेवते. संध्याकाळचा फोन चालू आहे. दाजींकडे आता सांगायला फारसं नसतं, त्यामुळे ते ऐकतात. नातीच्या दातांची संख्या त्यांना पाठ आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा पुण्याहून एक तरुण नवरा-बायको आले. त्या मुलाला अशीच गाडी घ्यायची होती. बंगल्याच्या मालकाने त्याला दाजींचा पत्ता दिला होता, खर्चाचं सगळं खरं सांगेल असा माणूस म्हणून. मी मनात म्हटलं, आता दोन तासांची निश्चिंती. मुलाने वही काढली. दाजींनी त्यांना चहा दिला, टायर किती टिकतात ते एका वाक्यात सांगितलं आणि मग त्याच्या बायकोकडे वळले. "ताई, तुमी जानार का संगं? ट्रॅकवर?"

ती हसली. "मला नाही काका ऊन सहन होत."

दाजींनी मान डोलावली. मुलाला म्हणाले, "मंग लिवून घ्या. पयली येक छत्री घ्यायची. मोठी, दोन मानसं बसतील आशी. चांगली खुर्ची घ्या, गार पान्याचा डबा घ्या. टायर त्येच्या मागनं."

मुलाने काही लिहिलं नाही. आणखी दोनचार प्रश्न विचारून, आभार मानून ते निघाले. म्हाताऱ्याचं डोकं जरा हललंय असं त्यांना वाटलं असणार. दाजी फाटकापर्यंत गेले आणि त्यांची मोटार लोणावळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग येऊन ओट्यावर बसले. लोहगडावरचं ऊन उतरायला लागलं होतं, आणि अंधाराच्या आत मला तळेगाव गाठायला हवं होतं. मी स्कूटरची किल्ली काढली.

"बसा की जरा मास्तर," दाजी म्हणाले. "का घाई हाय?"

"नाही," मी म्हटलं, आणि किल्ली पुन्हा खिशात टाकून बसलो.